रद्दी, कात्री आणि कला
(वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या घरी रद्दीचे मोल तराजू ठरवितो. परंतु त्याच रद्दीस कात्री लावून कलेच्या इतिहासात स्थान मिळविणारी माणसे होऊन गेली. त्यांपैकी दोघांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिले जर्मनीतील हानोफरचे कुर्ट श्विटर्स (१८८७–१९४८). १९१४–१८ च्या महायुद्धाने देश मोडकळीस आला असता त्यांनी ट्रामची तिकिटे, वेष्टने व फाटक्या जाहिराती गोळा करून त्यांतून चित्रे रचिली. एका बँकेच्या जाहिरातीतील शब्दाचे ‘मेर्त्स’ एवढे शकल उरले. तेच त्यांनी आपल्या कलेचे नाव केले. मोडक्या तुकड्यांतूनच नवे उभारावे, ही त्यांची धारणा.

दुसऱ्या हान्ना होख (१८८९–१९७८). १९१६ ते १९२६ या काळात बर्लिनच्या एका प्रकाशनसंस्थेत त्या विणकाम-भरतकामाचे नमुने आखीत. त्याच संस्थेच्या सचित्र साप्ताहिकांतील छायाचित्रे कापून त्यांनी एक भव्य चित्र सिद्ध केले. त्याच्या नावातच स्वयंपाकघरातील सुरीचा उल्लेख आहे. १९२० च्या प्रदर्शनात त्यांना घेण्यास काही सहकारी कलावंतांचाच विरोध होता. आज ते चित्र बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहात आहे.

बंधुभगिनींनो, आपण तरी निराळे काय करितो? मुलीने आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कातरल्या, मखराची जाळी कोरली, की आपण तिला ‘हौस’ म्हणतो. आणि पारितोषिके मात्र गुणपत्रिका पाहून वाटतो. आम्ही आयुष्यभर शिक्षकी केली. गणितात मागे पडणारी, पण कात्री हाती येताच एकाग्र होणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली. त्यांच्या पाठीवर हात ठेवणारे कोणी नसते.

या कलेस खर्च नाही. जुन्या लग्नपत्रिका, पाकिटे, कॅलेंडरे व गव्हाच्या पिठाची खळ पुरे. वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो. म्हणून टिकाऊ कामास जाड कागद घ्यावा. सुरी धारदार असावी. बोथट सुरीस जोर लागतो आणि ती निसटते. लहान मुलांजवळ मात्र वडीलधाऱ्यांनी बसावे.

पुढील वर्षापासून मंडळाने हस्तकौशल्यासाठी एक पारितोषिक ठेवावे, अशी आमची कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. रक्कम अल्प असली तरी चालेल. त्या मुलांचे नाव या व्यासपीठावरून पुकारले जावे, एवढेच मागणे आहे.

इत्यलम्.