पहिल्या ऐकण्यात काय ऐकू येतं?



आज आपल्या कार्यक्रमात नाट्यगीत नाही, भावगीतही नाही. आज सॅक्सोफोन आहे, आणि तोही जुन्या हिंदी गाण्यांतला नव्हे. ज्या अमेरिकेत आपण संसार थाटले, तिथलं अस्सल संगीत म्हणजे जॅझ. त्यातलं १९४० च्या दशकातलं बीबॉप आज ऐकायचं आहे.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं शाळेच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतात. मिडल स्कूलपर्यंत सगळं गोड असतं. मग पोर हायस्कूलच्या जॅझ बँडमध्ये जातं, आणि एका संध्याकाळी त्याच्या खोलीतून चार्ली पार्कर ऐकू येतो. लगेच स्वयंपाकघरातून हाक जाते, "अरे, काय किरकिर लावली आहेस? जरा सुरात काहीतरी लाव की!"

तुम्हाला असं वाटलं असेल तर संकोच करू नका. लुई आर्मस्ट्राँगसारख्या जॅझमधल्या थोर माणसानेही बीबॉपवर उघड टीका केली होती. याचं एक कारण ऐकण्यासारखं आहे. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. मोठ्या कंपन्यांशी तो १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालला. नेमक्या त्याच काळात न्यूयॉर्कच्या क्लबांत पार्कर, डिझी गिलेस्पी आणि त्यांचे सोबती हे नवं वादन घडवत होते. क्लबात जाणाऱ्यांनी ते हळूहळू बदलताना ऐकलं. गावोगावच्या श्रोत्यांना मधल्या पायऱ्या जवळजवळ मिळाल्याच नाहीत, थेट वरचा मजला समोर आला. गोंधळ उडणारच!

आता २६ नोव्हेंबर १९४५ ची 'को-को' ऐका. सॅक्सोफोनवर पार्कर, ट्रम्पेटवर गिलेस्पी, ड्रम्सवर मॅक्स रोच.

(ध्वनिमुद्रिका: को-को)

तीन मिनिटांच्या आत सगळं संपलं. तुमच्या मनात पहिला प्रश्न आला असेल, "यात मुखडा कुठे आहे?" मुखडा नाहीच. 'चेरोकी' नावाचं एक लोकप्रिय गाणं होतं. त्याची धून बाजूला ठेवली आणि तिच्याखाली चालणारा कॉर्ड्सचा क्रम तेवढा घेतला. आधीच्या एका प्रयत्नात हे वादक मूळ धून वाजवू लागले आणि मध्येच थांबले. तो अर्धवट तुकडाही आज ऐकायला मिळतो.

म्हणजे धरायचं काय? आपल्या कानांना आवर्तन ठाऊक आहे, तेच धरा. सुरुवातीच्या तुकड्यानंतर पार्करची दोन आवर्तनं आहेत. प्रत्येकाला साधारण पन्नास सेकंद लागतात. एका आवर्तनाचे चार भाग, प्रत्येक बारा-तेरा सेकंदांचा. पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा, चौथा पुन्हा पहिल्यासारखा. अस्ताई दोनदा, मग अंतरा, मग परत अस्ताई, असं समजा. तिसरा भाग आला की पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते, कारण तिथे मूळ स्वरच बदलतो. पार्कर त्या वळणावर न अडखळता आत शिरतो आणि बरोबर वेळेवर घरी येतो. एवढं एक ऐकू आलं की किरकिर वाटणारे स्वर आपोआप जागेवर बसतात. आपण तान ऐकताना ती समेवर कशी येते याकडे कान लावतो ना, तसंच हे. दोन्ही संगीतं एकच आहेत असं मी म्हणत नाही. ऐकण्याची सवय मात्र उपयोगी पडते.

आता दुसरी ध्वनिमुद्रिका, तिच्याबद्दलची प्रतिक्रिया अगदी उलटी आहे. २९ जुलै १९४६, 'लव्हर मॅन'. त्या दिवशी पार्करची अवस्था फार वाईट होती. व्यसनाने शरीर खचलेलं, त्यात दारू प्यालेली, नीट उभं राहणंही कठीण. पियानोची सुरुवात संपते, तरी सॅक्सोफोन येत नाही. मग उशिरा, तुटक तुटक येतो. त्याच रात्री हॉटेलात अनर्थ घडून त्याला अटक झाली आणि पुढचे सुमारे सहा महिने कॅलिफोर्नियातल्या कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात गेले.

(ध्वनिमुद्रिका: लव्हर मॅन)

ही तबकडी बाजारात आली आणि अनेक श्रोत्यांना ती पार्करची सर्वांत हृदयस्पर्शी वाटली. आजही वाटते. पार्करला मात्र ती प्रसिद्ध झाल्याचा संताप होता. १९५१ मध्ये त्याने हेच गाणं पुन्हा वाजवून घेतलं. इथे श्रोता म्हणून आपली परीक्षा आहे. वादनातली वेदना आपल्याला भिडते ते खोटं नाही. पण ज्याची वेदना आहे त्याला स्वतःला मात्र हे वादन प्रसिद्ध व्हायला नको होतं. म्हणून ही तबकडी ऐकलीत तर १९५१ चीही ऐका. मुलांना ऐकवाल तेव्हा दुःखातून कला जन्मते असं सांगून मोकळे होऊ नका. हा माणूस १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला, हेही सांगा.

तिसरी गोष्ट आणखी गमतीची. ३० नोव्हेंबर १९४९ रोजी पार्करने व्हायोलिन वगैरे तंतुवाद्यांच्या साथीत 'जस्ट फ्रेंड्स' वाजवलं. चाहत्यांतले कट्टर लोक नाराज झाले. पैशासाठी गुळगुळीत वाजवू लागला, असं म्हणाले. पण अशी साथ त्याला स्वतःलाच हवी होती आणि 'जस्ट फ्रेंड्स' त्याची आवडती होती. बीबॉप ऐकून घाबरणाऱ्या आजी-आजोबांना मी इथूनच सुरुवात करायला सांगेन. सॅक्सोफोन तोच, बोटंही तीच, फक्त खाली गादी मऊ आहे.

आणि चाहत्यांचे कानही अर्धेच ऐकतात बरं का! डीन बेनेडेट्टी नावाचा एक सॅक्सोफोन वादक पार्करचा इतका भक्त होता की १९४७-४८ मध्ये यंत्र घेऊन क्लबांत जायचा आणि पार्करचं एकल वादन तेवढं मुद्रित करायचा. इतरांची पाळी आली की यंत्र बंद! ते मुद्रण १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. ठेवा अनमोल आहे, पण सोबत्यांनी पार्करला काय उत्तर दिलं ते त्यातून बहुतेक निसटलं.

मंडळी, आवडलंच पाहिजे अशी सक्ती नाही. तीनदा ऐकूनही आवडलं नाही तर खुशाल सांगा. फक्त "हे संगीतच नाही" असं पहिल्याच मिनिटाला म्हणू नका. कारण खोलीतलं पोर ते स्वतःविषयी ऐकतं. तो किंवा ती रोज तासभर बसून जे बोटांत उतरवू पाहते आहे, त्याला आईबाबा गोंगाट म्हणतात, एवढंच त्याच्या लक्षात राहतं. त्याऐवजी दारात उभं राहून विचारा, "यात आवर्तन कुठे सुरू होतं रे? मला दाखव." मग बघा, जी मुलं एरवी 'हं' आणि 'ओके' यापलीकडे बोलत नाहीत, ती किती बोलतात ते. मराठी-इंग्रजी मिसळून बोलतील, चालेल!

न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या श्रोत्यांसाठी एक सूचना. मॅनहॅटनमध्ये टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कसमोर ॲव्हेन्यू बी वर पार्कर राहत असे. ऑगस्टअखेर त्याच्या नावाने विनामूल्य जॅझ महोत्सव होतो. डबा घ्या, सतरंजी घ्या आणि घरच्या सॅक्सोफोन वादकाला बरोबर घेऊन जा.

जाता जाता पुन्हा एकदा 'को-को'. या वेळी तिसऱ्या भागाकडे कान ठेवा. नमस्कार!

(ध्वनिमुद्रिका: को-को)