माझा एकटीचा खेटा

मी गडमुडशिंगीहून बोलतेय.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी सहज म्हणाले, "या रविवारी मी एकटीच जोतिबाला चालत जाणार." सगळ्या जणी माझ्याकडं बघायला लागल्या. एकीनं हळूच विचारलं, "का गं, घरात काय झालं काय?" बाई एकटी उंबऱ्याबाहेर पडली की काहीतरी बिनसलं असणार, असंच आपल्याला वाटतं.

घरात काही झालं नव्हतं. अडचण वेळेची होती. मालकांची रविवारी ड्युटी, आणि दुपारी बाराला शेतात लाईट येणार. उसाला पाणी सोडायला मीच हवी. आधी दोन वेळा आम्ही दहा-बारा जणी मिळून गेलो होतो. मजा आली, पण हिची वाट बघ, तिच्यासाठी थांब, यात दिवस मावळला. या वेळी तेवढा दिवस माझ्याकडं नव्हता. म्हणून ठरवलं, भल्या पहाटे निघायचं, भरभर चढायचं आणि बाराच्या आत माघारी यायचं.

खेटे आपल्याला नवीन नाहीत. माघात सुरू होतात, पाच रविवार चालतात. जोतिबा उत्तरेला केदारनाथाकडं परत निघाला, तेव्हा अंबाबाई कोल्हापुरातून अनवाणी चालत डोंगरावर गेली आणि "जाऊ नकोस" म्हणून तिनं त्याला विनवलं, अशी कथा आहे. म्हणून आजही माणसं अनवाणी चालतात. म्हणजे बघा, हा पहिला खेटा एका बाईनंच घातला.

शेजारच्या पोरानं पहाटे चारच्या आधी मला गाडीवरून शिवाजी पुलावर सोडलं. पंचगंगेला हात जोडले आणि निघाले. वडणगे, निगवे, कुशिरे असा रस्ता. अंधार होता, पण भीती वाटली नाही. पुढं माणसं, मागं माणसं, म्हाताऱ्याकोताऱ्या, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, आणि सारखा "चांगभलं"चा गजर. एकटी होते, पण एकाकी नव्हते.

खरं सांगते, मला त्या चालण्याची नशा चढली. कितीतरी वर्षांनी माझ्या पायांना कुणी "थांब" म्हणत नव्हतं. एकेकाला मागं टाकत सुटले. कुशिऱ्यात पोचले तेव्हा उजाडत होतं. गायमुखाजवळ बाया पाणी पीत बसल्या होत्या. मी थांबले नाही. रविवारचा उपास, पोटात फक्त अर्धा कप चहा, आणि पाण्याची बाटली घरीच ओट्यावर राहिलेली.

आपला डोंगर सपाटीपासून हजारेक फूट वर उठलेला आहे. गायमुखाच्या वरची चढण छातीवर येते. तिथं माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हातपाय गार पडले. एका दगडाला धरून खालीच बसले. लोक बाजूनं जात होते. तेवढ्यात एक म्हातारी थांबली. पिशवीतनं गूळ-शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले, पाणी पाजलं आणि म्हणाली, "देव काय पळून चाललाय व्हय? त्यो बसलाय तिथंच. तू बी बस जरा."

पंधरा-वीस मिनिटं बसले. मागं टाकलेली सगळी माणसं माझ्यासमोरून वर गेली. लाज वाटली, पण शहाणीही झाले. नंतर म्हातारीच्या चालीनं चढले. ती मध्ये मध्ये बोलत होती, मीही बोलत होते, आणि दम लागला नाही.

वर पोचायला साडेआठ झाले. १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलेलं ते काळ्या दगडाचं देऊळ गुलालानं माखलं होतं. दर्शनाची रांग बघितली आणि पोटात गोळा आला. कुणी म्हणालं, अडीच तास लागतील. रांगेत उभी राहिले तर बाराची लाईट हुकणार. एवढं चालून देवाचं तोंड न बघता जायचं? दोन मिनिटं काही सुचेना. मग मनात आलं, खेटा म्हणजे चालणं, आणि ते मी केलंय. कळसाला हात जोडले, कपाळाला गुलाल लावला आणि उतरायला लागले. खाली कुशिऱ्यातून वडाप मिळालं. बाराला दहा मिनिटं कमी असताना मी मोटारीपाशी होते.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. एकटीनं जायचं तर कुठल्या वाटेनं जाणार, कधी येणार, हे घरात सांगून निघा आणि मोबाइल रात्रीच चार्ज करा. उपास असला तरी गूळ-शेंगदाणे, खजूर जवळ ठेवा, पाणी विसरू नका. वेग किती ठेवायचा? "चांगभलं" म्हणताना धाप लागली, की समजा फार पळताय. उतरताना पावलं छोटी टाका, गुडघ्यांवर खरा भार तिथंच येतो. उन्हं चढली की डांबर पोळतं, म्हणून पहाटेच निघा. आणि ज्यांना साखरेचा त्रास आहे, त्यांनी अनवाणी जाऊ नका. पायाला लागलेलं त्यांना कळतही नाही आणि जखम लवकर भरत नाही. चप्पल घातली म्हणून जोतिबा रागवत नाही.

सासूबाईंनी संध्याकाळी विचारलं, "दर्शन झालं का?" मी म्हटलं, "कळसाचं झालं." त्या म्हणाल्या, "मग झालंच की." आणि तेल कोमट करून त्यांनी माझ्या पायांना लावलं. आमच्या घरात सुनेच्या पायाला सासूनं तेल लावायची ती पहिलीच वेळ.

पुढच्या माघात मी पुन्हा जाणार आहे. या वेळी पिशवीत गूळ-शेंगदाणे जरा जास्तच असतील. वाटेत कुणी दगडाला धरून बसलेली दिसली, तर तिच्यासाठी.

नमस्कार. चांगभलं!