सायकलीची ओळख आणि मालकाचा हक्क



ठाणे रेल्वे स्थानकालगतच्या नौपाड्यात गोखले मार्ग व राम मारुती मार्ग सदैव गजबजलेले असतात. अशा वस्तीत विद्यार्थ्याला, कामगाराला, घरोघर दूध वा वृत्तपत्रे पोहोचविणाऱ्याला सायकल हा मोठा आधार असतो. ती चोरीस गेली, तर गरिबाची रोजची मिळकतच अडते.

पायांनी चालविण्याची सायकल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येत बसत नाही. म्हणून तिला परवाना लागत नाही व नोंदणी क्रमांकही मिळत नाही. तथापि, सायकलस्वार नियममुक्त आहे, असे नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ अन्वये पोलीस आयुक्तांना रहदारीचे नियम करण्याचा अधिकार आहे. बेदरकारपणे वाहन चालवून इतरांचे जीवित धोक्यात आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खालील गुन्हा असून सायकलही वाहनच आहे.

पूर्वी अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत व तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला देत. बिल्ल्याची कटकट बहुतेक ठिकाणी संपली. पण तिच्याबरोबर सायकलीची दप्तरी नोंदही गेली. आता तिची ओळख पटविणाऱ्या मुख्य गोष्टी दोनच: चौकटीवर ठोकलेला क्रमांक आणि खरेदीची पावती. हा क्रमांक बहुधा पेडलचा आस बसतो त्या नळीच्या खालच्या अंगास अथवा सीटखालच्या नळीवर असतो. तो आजच उतरवून ठेवावा.

पावतीला तर अधिकच महत्त्व आले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार, चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल व माल किंवा त्याची किंमत परत मिळाली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा होते. हा प्रकार अदखलपात्र ठरविण्यात आला आहे. अदखलपात्र प्रकरणी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येत नाही. जुन्या दंड संहितेत किमतीचा असा भेद नव्हता. म्हणून तक्रार देताना किमतीचा पुरावा जवळ हवा.

नौपाड्यात सायकल चोरीस गेल्यास नौपाडा पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते आणि खबरीची प्रत विनामूल्य मिळते. जप्त झालेला माल न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने हक्कदारास परत मिळतो. हक्कदार अज्ञात असल्यास उद्घोषणा काढून सहा महिन्यांच्या आत दावा सांगण्यास कळविले जाते. ज्याच्याजवळ क्रमांक नाही, त्याने आपली सायकल समोर पाहूनही ती आपली असल्याचे सिद्ध करावे कसे?

कवडीमोल भावात, पावतीविना मिळणारी सायकल घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा कलम ३१७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

शिक्षकबंधूंनी विद्यार्थ्यांच्या सायकलींचे क्रमांक शाळेच्या एका वहीत नोंदवावेत. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळालेल्या गावी हेच काम पंचायत सदस्यांना करता येईल. त्यास अनुदान लागत नाही. एक वही व थोडी आस्था पुरेशी आहे.