धुराचा दंड कोणी भरायचा?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पऱ्हाटी उपटायची, चुलीपुरती घरी न्यायची, उरलेली धुऱ्यावर पेटवून द्यायची. आपण सगळेच हे करत आलो. तेव्हा पंजाबातल्या धुराची गोष्ट परक्याची समजू नका.

तिथं कंबाईननं धान कापलं की धसकटं उभी राहतात आणि गहू पेरायला हातात दोन-तीन आठवडे. मजूर परवडत नाही, यंत्राला कर्ज काढावं लागतं. आगपेटीची काडी स्वस्त. पण ही घाई आली कुठून? जमिनीतलं पाणी वाचावं म्हणून पंजाब सरकारनं २००९ साली कायदा केला, १० जूनच्या आत लावणी बंद. लावणी लांबली, कापणी लांबली, आणि वारा पडतो नेमक्या त्याच दिवसांत धूर दिल्लीवर जाऊन बसला. मुळात धान तिथं वाढलं ते सरकारी खरेदीमुळं. ज्याची खात्रीनं खरेदी, तेच पेरणार ना?

ऑक्टोबर २०२० मध्ये वटहुकूम निघाला. पाच वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक कोटी! पाच एकरवाल्यानं शेत विकलं तरी फिटेल का? दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या शेतकऱ्यांनी तीन कृषी कायद्यांच्या जोडीला हाही मुद्दा धरला. (त्या तीन कायद्यांवर आपल्यातच दोन मतं होती, ते असो.) ३० डिसेंबर २०२० च्या बैठकीत सरकार नमलं. २०२१ च्या कायद्यात शेतकऱ्याची कैद सुटली, पण 'पर्यावरण भरपाई' मागच्या दारानं राहिलीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती दुप्पट झाली: दोन एकरांच्या आत ५ हजार, पाचांच्या वर ३० हजार.

आम्ही धुराचे वकील नाही. तो आधी आपल्याच लेकरांच्या छातीत जातो, रानाचं खत जळतं ते वेगळंच. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, न जाळणाऱ्या लहान शेतकऱ्याला क्विंटलमागं १०० रुपये द्या, असं राज्यांना सांगितलं होतं. हा खर्चाचा हिशेब झाला. दंड हा हिशेब नव्हे.

उद्या आपल्या पऱ्हाटीवर नोटीस आली, तर पहिला सवाल हाच: पऱ्हाटीची कुट्टी करून रानात मिसळायचा एकरी खर्च कोण देणार? दारापाशी वही ठेवली आहे. आपापल्या गावचं यंत्राचं भाडं, डिझेल, मजुरी, सगळं लिहूनच घरी जा.