घराचे वजन आणि भूकंपाचा हिशेब

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्यापैकी पुष्कळांच्या आठवणीत असेल. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले, माणसे दमून झोपलेली. चार वाजायला चार मिनिटे कमी असताना किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली आणि हजारो माणसे आपल्याच घरात गाडली गेली. ती दगडी घरे काही काल बांधलेली नव्हती. त्यांच्या भिंतींनी वर्षानुवर्षे माळवदाचा भार बिनतक्रार पेलला होता. त्या पहाटेही भार तोच होता. मग बिघडले काय?

हे समजायचे तर एकाच ओझ्याकडे दोन नजरांनी पाहावे लागते. एक त्याचे वजन, दुसरे त्याचे वस्तुमान. शाळेत आपण हे शब्द पाठ करतो आणि बाजारात विसरतो, कारण बाजारात सगळेच किलोत मोजतात.

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. एक पोलादी पट्टी घ्या, तिचे एक टोक टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा आणि मोकळ्या टोकाला चिकणमातीचा गोळा चिकटवा. पट्टी थोडी खाली वाकेल. हे वजनाचे काम. पृथ्वी गोळ्याला खाली ओढते आहे. आता टोकाला टिचकी मारा. गोळा वरखाली झुलू लागेल. गोळा मोठा केला की झोका संथ होतो. चौपट केला तर एका झोक्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. हे वस्तुमानाचे काम. हीच पट्टी चंद्रावर नेली तर वाक सहावा हिस्साच उरेल, पण झोक्याची लय मात्र बदलणार नाही. वजन गेले, वस्तुमान राहिले!

आता भरलेली बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. ती उभी आहे तोवर ओझे बहुतेक चाकांवर. पण तीच गाडी एकदम हलवायची म्हटले की बैलांना खांदा द्यावा लागतो. भूकंपात पाया झटक्याने बाजूला सरकतो, वरचे माळवद जागीच राहू पाहते, आणि त्याला ओढून नेण्याचे काम भिंतीवर येते. मातीत रचलेली दगडी भिंत दाबाला चांगली, पण आडव्या ओढीला तिच्यात जोर नसतो.

थोडा आकडा मांडू. खोली दहा फूट बाय पंधरा फूट, तिच्यावर दीड फूट मातीचा थर. ही माती भरते सुमारे दहा टन, म्हणजे शंभर क्विंटल! पावसाळ्याआधी गळती थांबवायला आपण वर आणखी माती टाकतो. जुनी काढत नाही. त्याच खोलीवरचे पत्रे शंभर किलोंच्या आसपास. भूकंपाने गुरुत्वाच्या एक दशांश इतका आडवा झटका दिला, तर मातीमुळे भिंतींवर एक टनाची आडवी ओढ येते, पत्र्यामुळे अवघी दहा किलोंची. खालच्या भिंतींचे वस्तुमान यात धरलेलेच नाही.

म्हणून अभियंता इमारतीच्या दोन वह्या ठेवतो म्हणा ना. एकीत खाली दाबणारे भार, दुसरीत झटक्याने हलणारे वस्तुमान. पहिल्या वहीत सगळे येते: भिंती, छप्पर, माणसे, सामान, धान्याची पोती. दुसरीत जे घराला पक्के जडलेले आहे ते पूर्ण येते. ये-जा करणारे थोडेच. 2016 सालच्या भारतीय मानकाप्रमाणे, जमिनीवरचा चल भार चौरस मीटरला सुमारे तीनशे किलोंपर्यंत असेल तर त्याचा चौथा हिस्सा धरतात, त्याहून अधिक असेल तर निम्मा. कारण उघड आहे. भूकंपाच्या नेमक्या क्षणी सगळ्या खोल्या माणसांनी खच्चून भरलेल्या नसतात, आणि सुटे सामान घरासारखे पूर्णपणे हलतही नाही. गोदामाची गोष्ट वेगळी. तेथे पोती कायमचीच असतात.

हल्ली हा हिशेब संगणकावर होतो, पण चूक माणसाचीच. भिंतीचे वजन भार म्हणून लिहिले आणि वस्तुमानात घालायचे राहिले, तर कागदावर घर खाली भक्कम दिसते आणि भूकंपात हलके वाटते. ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण उत्तर पाहून सगळे खूष होतात. उलट तीच भिंत दोनदा मोजली गेली तर काही जण म्हणतात, बरेच झाले, सुरक्षित बाजूला चुकलो. तसेही नसते. वस्तुमान दुप्पट झाले की झोका सुमारे एकचाळीस टक्के लांबतो, आणि संथ झोक्याच्या इमारतीला भूकंपाचा झटका पुष्कळदा कमी लागतो. म्हणजे चूक कोणत्या बाजूला गेली हे सांगताच येत नाही.

गावच्या उंच पाण्याच्या टाकीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. पन्नास हजार लिटर पाणी म्हणजे पन्नास टन, आणि तेही खांबांच्या माथ्यावर. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला ठाऊक असते की वरचे पाणी आपल्याच तालात हिंदकळते. अभियंताही पाण्याचे दोन वाटे करतो: खालचे पाणी टाकीच्या भिंतीबरोबर हलते, वरचे आपल्या संथ लयीने. शिवाय टाकी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळचा हिशेब करावा लागतो. आपल्या गावात नवी टाकी होणार असेल, तर हे दोन्ही हिशेब केलेत का, एवढे ग्रामसभेत जरूर विचारा.