थायरॉईडची गोळी आणि छातीतली धडधड

 मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जावरच्या व्याजाचा हिशेब बोललो. आजही हिशेबच आहे, पण गोळीचा. आणि सुरुवातीलाच मला माझी एक चूक तुमच्यापुढं कबूल करायची आहे.

मला थायरॉईड आहे. तसं बघायला गेलं तर थायरॉईड सगळ्यांनाच असतं. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी एक लहान ग्रंथी असते, तिचंच ते नाव. शरीराचा कारभार ज्या रसावर चालतो तो ही ग्रंथी बनवते. माझी ग्रंथी तो कमी बनवते, म्हणून तोच रस गोळीच्या रूपानं रोज घ्यावा लागतो. त्या औषधाचं नाव लिव्होथायरॉक्सिन. बाटलीवर कंपनीचं नाव काही का असेना, खाली बारीक अक्षरात हे नाव असतं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझी गोळी ५० ची ७५ केली. घरी ५० ची बाटली अर्धी शिल्लक होती. मला वाटलं, वाढवून दिली म्हणजे जादाची दिली. मी दोन्ही घेऊ लागले. रोज १२५! विचारायचं ना कुणाला? पण बी.ए. झालेली बाई, गटाचे हिशेब लिहिणारी, एवढं काय विचारायचं, असं वाटलं.

तीन आठवड्यांत तऱ्हा सुरू झाली. छातीत धडधड, जिना चढल्यासारखी, आणि मी तर अंथरुणावर पडलेली. मार्गशीर्षाच्या थंडीत घाम. रात्री दोन वाजता टक्क जागी. दिवसातून तीन-चार वेळा शौचाला. सासूबाईंनी साधं विचारलं तरी माझा आवाज चढायचा. हात इतका थरथरायचा की बँकेत गटाची सही जुळेना, स्लिप दोनदा परत आली. आणि गंमत बघा, वजन तीन किलो उतरलं म्हणून सगळ्या माझं कौतुक करत होत्या.

मी घाबरून गोळी आपल्या मनानं बंद केली. त्याच आठवड्यात गटाच्या बैठकीत म्हणाले, "बाई, त्या गोळीनं माझा जीव जायची वेळ आली होती. मी तर बंदच केली."

पुढं दहा दिवसांनी दोन्ही बाटल्या घेऊन डॉक्टरांकडं गेले. त्यांनी बाटल्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि नुसतं माझ्याकडं बघितलं. गोळीचा दोष नव्हता, माझ्या हिशेबाचा होता. पुन्हा फक्त ७५ सुरू झाली, हळूहळू सगळं शांत झालं. पण हे मी बैठकीत सांगितलं नाही. लाज वाटली. माझी चूक ही.

आमच्या गटात एक काकू आहेत, साठीच्या पुढच्या. त्यांनाही हीच गोळी. त्या दोन बैठकांना आल्या नाहीत. नियमाप्रमाणं आम्ही गैरहजेरीचा दंड लावला, दहा-दहा रुपये. तिसऱ्या वेळी मी हप्ता घ्यायला घरी गेले. चैत्राचं ऊन, आणि काकू चादर पांघरून बसलेल्या. तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, पाय जड.

"काकू, अहो काय झालं? गोळी घेताय ना?"

"बंद केली की गं. चार महिने झाले. मलाही धडधडायचं मधनंच. तूच म्हणालीस ना, जीव जायची वेळ आली."

मैत्रिणींनो, त्या वेळी मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. टीएसएच नावाची तपासणी केली, आकडा नव्वदच्या वर. साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असावा लागतो. डॉक्टरांनी आधी हृदयाची पट्टी काढली आणि अगदी लहान गोळीपासून पुन्हा सुरू केलं. वय जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल तर एकदम मोठी गोळी देत नाहीत.

या टीएसएचचा आकडा फार बायांना उलटा वाटतो, म्हणून गटाच्या भाषेत सांगते. मेंदूच्या खाली एक ग्रंथी असते, ती म्हणजे आपली अध्यक्षा. थायरॉईडकडून हप्ता कमी आला की ती हाका मारते. टीएसएच म्हणजे त्या हाका. हप्ता जितका कमी तितक्या हाका जोरात. म्हणून आकडा मोठा आला तर अंगात रस कमी पडतोय, आणि आकडा फारच खाली गेला तर गोळी जास्त होतेय. गोळी बदलल्यावर ही तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. त्याआधी केली तर खरा आकडा कळत नाही, पैसे मात्र जातात.

आता त्रासाचं. माझ्यासारखी धडधड, थरथर, घाम, झोप उडणं, जुलाब, चिडचिड, वजन झरझर उतरणं हे बहुतेक वेळा गोळी जास्त होत असल्याचं लक्षण असतं. काकूंसारखी सूज, थंडी, सुस्ती, बद्धकोष्ठ हे कमी पडत असल्याचं. दोन्ही वेळा उपाय एकच, डॉक्टरांकडं जाऊन मात्रा नीट करून घ्यायची. आपल्या मनानं बंद नाही, अर्धी नाही, दुप्पट नाही. जास्त मात्रा वर्षानुवर्षं चालली तर हाडं ठिसूळ होतात, पाळी गेलेल्या बायांना हा धोका अधिक, आणि हृदयाचे ठोके बेताल होतात. म्हणून बारीक होण्यासाठी जावेची गोळी मागून घेणाऱ्या बायांनो, ऐकताय ना? आणि छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडलात तर बैठकीची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा.

केस गळतात ही सगळ्यात मोठी तक्रार. गोळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने काहींचे केस गळतात, आजारानंही गळतात, मात्रा जमली की बहुतेकींचे थांबतात. माझे थांबले. तेवढ्यासाठी गोळी सोडू नका.

पुष्कळदा गोळी बरोबर असते, घेण्याची पद्धत चुकते. ही गोळी उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा अर्ध्या ते एक तासानंतर. चहा सोडवत नाही हे मला माहीत आहे, मलाही नाही. मी काय करते, उशाशी तांब्या आणि बाटली ठेवते. उठलं की गोळी. मग गोठा, शेण, धारा. धारा काढून होईस्तोवर पाऊण तास जातो, मग चहा. ज्यांना पहाटे कामावर पळायचं असतं आणि हे जमत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. पण रोज एकच वेळ धरायची. रोजाच्या महिन्यात आमच्या गटातल्या एक आपा अशीच रात्री घेतात. उपासाला गोळी चालते का, असं पुष्कळ जणी विचारतात. हरतालिकेला पाणीही न घेणाऱ्या बायांनी आदल्या रात्रीच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोलून ठेवावं.

आशाताई देतात ती लाल लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांचं हिच्याशी जमत नाही. एकत्र घेतल्या तर थायरॉईडची गोळी नीट अंगी लागत नाही. चार तासांचं अंतर हवं. पित्ताच्या औषधांचंही तसंच. सकाळी ही, लोह दुपारी जेवणानंतर, असं ठरवून टाका.

गरोदर बायांनी तर अजिबात बंद करू नये. पोटातल्या बाळाच्या मेंदूला हा रस लागतो, आणि आईला तेव्हा बहुधा जास्त मात्रा लागते. पाळी चुकली की पहिल्यांदा दवाखाना गाठायचा, 'तीन महिने कुणाला सांगायचं नाही' हे डॉक्टरांच्या बाबतीत धरायचं नाही.

एखादा दिवस विसरलात तर घाबरू नका. या औषधाचा अंश अंगात बरेच दिवस टिकतो. त्याच दिवशी आठवलं तर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. मी कॅलेंडरवर रेघ मारते. बाटली चुलीजवळच्या फळीवर, खिडकीत उन्हात ठेवू नका. मात्रा बदलली की जुनी बाटली परत दाखवून विचारा, ही ठेवू का टाकू. बाटलीवर २५ आहे की १२५ ते दुकानातच वाचून घ्या. वाचता येत नसेल तर नातीकडून वाचून घ्या. लाज वाटून घेऊ नका, मी घेतली त्याचं काय झालं ते सांगितलंच.

पुढच्या बैठकीत मी ही सगळी हकीकत सगळ्यांसमोर बोलले. काकूंचे वीस रुपये परत केले. त्या म्हणाल्या, "पैशाचं राहू दे गं, पण माझ्या बाटलीवरचं नीट वाचून दे आधी." वाचून दिलं. पुढच्या मंगळवारी त्यांची तपासणी आहे, म्हणून त्या दिवशीची बैठक आम्ही दुपारी ठेवली आहे.