मोजून घातलेल्या फुल्या



व्याख्यानमालेची पत्रिका हातात आली तेव्हा थोडा संकोच वाटला. काल इथे शेतमालाच्या भावावर बोलणं झालं, उद्या न्यायव्यवस्थेवर आहे, आणि मधल्या संध्याकाळी फुली टाका! संयोजकांनी विषयापुढे 'विरंगुळा' असं कंसात छापलं नाही, याबद्दल त्यांचे आभार.

फुली टाका उर्फ क्रॉस स्टिच म्हणजे काय, हे इथल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. उरलेल्यांसाठी सांगतो. मॅटीच्या कापडावर वीण उठून दिसते, तिचे चौकोन मोजता येतात. एका चौकोनावर एक तिरपा टाका, त्याच्यावर उलट दिशेने दुसरा, झाली फुली. समोर आलेखाच्या कागदावर नमुना असतो. कुठल्या चौकोनात कुठला रंग, हे तो सांगतो. आपण मोजायचं आणि भरायचं. साखळी टाका, काश्मिरी टाका सफाईने घालणाऱ्या बायका म्हणतात, 'यात कला कुठे आली? ही तर नक्कल.' त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. हाताचं वळण, रेषेची जाण, रंगांची समज यांतलं काही नसलं तरी चालतं. दहापर्यंत अंक येत असले की पुरे.

आणि माझ्या मते यातला आनंद नेमका तिथेच आहे. 'काहीतरी स्वतःचं, वेगळं करा' हा धोशा आपल्यामागे शाळेपासून लागलेला असतो. चित्र काढायला बसलं की कोऱ्या कागदाची धास्ती, लिहायला बसलं की पहिल्या वाक्याची. इथे पोपट कुठे बसणार, त्याची चोच किती चौकोनांची, हे दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवून ठेवलंय. तुमच्याकडे मागितलं जातं ते फक्त लक्ष. प्रतिभेची परीक्षा नाही म्हटल्यावर माणूस किती मोकळा होतो, हे सुई हातात घेतल्याशिवाय कळायचं नाही.

सोपं आहे म्हणून कसंही चालतं, असं मात्र नाही. दोरा सहा पदरी असतो, त्यातले दोन पदर सोडवून घ्यायचे. लांबी साधारण हातभर; हाव धरून लांब घेतला की गुंता ठरलेला. सुई बोथट टोकाची, कारण तिला धागा चिरायचा नसतो, दोन धाग्यांमधून वाट काढायची असते. गाठ मारायची नाही. दोऱ्याचं शेपूट मागे धरून ठेवायचं आणि पहिल्या चार-पाच टाक्यांखाली ते दाबून टाकायचं. ओळभर तिरपे टाके घालत जायचं, येताना उलटे घालत फुल्या पुऱ्या करायच्या. वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला झुकलेला हवा. हजार फुल्यांत एक उलटी पडली तरी तिच्यावर उजेड वेगळा पडतो आणि पाहुण्याची नजर बरोबर तिथेच जाते.

मोजणी चुकते ती एका चौकोनाने. त्या वेळी काही कळत नाही. दोन दिवसांनी चोचीपाशी पोहोचलो की चोच आपल्या जागी बसत नाही. मग उसवणं आलं: सुईच्या नेढ्याच्या बाजूने एकेक टाका उचलायचा, आणि पिंजलेला दोरा पुन्हा वापरायचा मोह आवरायचा. जाणत्या बायकांना भरलेला तुकडा दाखवून पाहा. त्या पुढची बाजू क्षणभर बघतील, 'छान' म्हणतील आणि लगेच उलटा करतील. काम केलेल्याची खरी ओळख मागच्या बाजूला पटते.

मागची बाजू निघालीच आहे, तर धारवाड-हुबळीकडच्या कसुतीकडे जाऊ या. पट्टी किंवा नमुना कापडाला न लावता, कापडावर काहीही न छापता, साडीचे धागे मोजून भरायची ही कला. टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंती. यातला मेंती म्हणजेच आपला फुलीचा टाका. इरकली साडीच्या पदरावर गोपुरं, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन असं सगळं याच चार टाक्यांत उभं राहतं. दक्षिण महाराष्ट्रातल्या घरांना इरकल काही परकी नाही. आजीच्या ट्रंकेत एखादी सापडेलच. फार बारीक वीण असते तिची. मॅटीच्या ढोबळ चौकोनांवर डोळे ताणणाऱ्या माझ्यासारख्याने तिच्याकडे आदराने बघावं आणि गप्प बसावं.

गवंती आणि मुरगीत साडीच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. हे कसं होतं? जाताना एक टाका वर, एक खाली असं धावत जायचं. परतताना राहिलेल्या जागा भरत यायचं. म्हणजे नमुन्याच्या प्रत्येक रेषेवरून सुई दोनदा जाते आणि निघाली त्याच ठिकाणी येऊन पोहोचते. यावरून एक जुनं कोडं आठवतं. 1736 साली ऑयलर या गणितज्ञाने क्योनिग्जबर्गच्या सात पुलांचं कोडं घेतलं. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं गाव फिरता येईल का? त्याने दाखवलं की येणार नाही. तिथल्या चारही भूभागांना विषम संख्येने पूल जोडलेले होते, तिथे घोडं अडत होतं. पण प्रत्येक वाटेवरून दोनदा जायची मुभा दिली की सगळ्या संख्या सम होतात, आणि सलग नकाशा कितीही वेडावाकडा असला तरी फेरी पुरी होते. कसुती भरणारीने ऑयलरचं नावही ऐकलेलं नसतं. रथाच्या कुठल्या चाकाकडे आधी वळायचं आणि कुठलं परतीच्या वाटेवर ठेवायचं, याचा हिशेब मात्र तिच्या डोक्यात पक्का असतो. 'बायकांचं शिवणटिपण' म्हणून हसणाऱ्या गणिताच्या मास्तरांना हे एकदा दाखवायला हवं.

आता एका अवघड मुद्द्याकडे येतो. हा आनंद बायकांना कुणी विचारून दिला होता का? लग्नाच्या बाजारात 'भरतकाम, विणकाम येतं' हे मुलीच्या गुणांच्या यादीत असायचं. रुखवतात क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, फुल्यांत भरलेलं 'सुस्वागतम्' मांडून ठेवायचं आणि वरपक्षाकडच्या बायकांनी ते बोटांनी चाचपायचं. युरोपातही वेगळं नव्हतं. तिथल्या मुली कापडाच्या तुकड्यावर मुळाक्षरं, अंक, नीतिवचनं भरायला शिकायच्या. इंग्लंडमधला तारीख घातलेला सर्वांत जुना उपलब्ध तुकडा जेन बोस्टॉकचा, 1598 सालचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तेव्हा सक्ती होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. आज रुखवत तयार मिळतं, भाड्यानेही मिळतं. त्याबद्दल गळा काढावा असं मला मुळीच वाटत नाही. सक्ती गेली हे बरंच झालं; आता हौसेने करणारे उरले.

पण सक्तीच्या त्या चौकोनांतही कोणी काय केलं, ते ऐका. त्याच म्युझियममध्ये 1830च्या सुमाराचं एक कापड आहे. एलिझाबेथ पार्कर नावाच्या ससेक्समधल्या मोलकरणीने भरलेलं. ना फूल, ना पक्षी, ना किनार. लाल रेशमाच्या बारीक फुल्यांत अक्षरांच्या ओळीच ओळी. आपल्याला लिहिता येत नाही, म्हणून हे असं मांडते आहे, अशी तिची सुरुवात आहे. मालकाने केलेला छळ, मनात आलेला आत्महत्येचा विचार, पापाची भीती, सगळं एकेक फुली मोजून. शेवटचं वाक्य अर्ध्यात तुटतं आणि पुढे कोरं कापड. एवढं दुःख इतक्या सावकाश सांगताना तिच्या मनाचं काय होत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, त्या सावकाशीनेच तिला तारलं असावं. ती पुढे दीर्घकाळ जगली.

दुसरी गोष्ट एका पुरुषाची. मेजर अलेक्सिस कॅसडॅग्ली हा ब्रिटिश अधिकारी 1941 मध्ये क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडला. युद्धकैद्यांच्या छावणीत जुन्या स्वेटरचे दोरे उसवून त्याने एक फ्रेम भरली. मधोमध सालस मजकूर, भोवती ठिपक्या-रेघांची नक्षीदार किनार. जर्मन अधिकाऱ्यांना ती इतकी आवडली की छावण्यांमधून तिचं प्रदर्शन मांडलं गेलं. किनारीतले ठिपके आणि रेघा मोर्स लिपीतल्या होत्या. एका किनारीत इंग्लंडच्या राजाचा जयजयकार होता आणि दुसरीत हिटलरला दिलेली अशी शिवी, जी या व्यासपीठावरून मला सांगता येणार नाही.

आता पैशाबद्दल. काहीही बरं भरलं की पहिला माणूस म्हणतो, 'ऑर्डरी का घेत नाही?' हिशेब करू या. 14 काउंटचं कापड म्हणजे इंचाला 14 चौकोन. दहा इंच बाय दहा इंचाचं चित्र पूर्ण भरायचं तर 140 गुणिले 140, म्हणजे 19,600 फुल्या. तासाला शंभर धरल्या तर 196 तास. रोज दोन तास बसलं तरी तीन महिन्यांहून जास्त. त्याची रास्त मजुरी लावली तर विकत घेणारा दारातूनच परत फिरेल. कमी लावली तर आपण आपल्याच हातांना वेठीला धरलं. हातच्या कामातून पैसा निघावा, ही अपेक्षा जुनीच. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी उद्योगकेंद्री शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हा मुलांच्या हातच्या मालातून शाळेचा खर्च निघावा, हेही त्यांच्या मनात होतं. त्यांच्या बाकीच्या विचाराशी माझं भांडण नाही, पण या एका कलमाशी आहे. आपल्या शाळांतल्या कार्यानुभवाच्या तासाला जी कळा आली, ती 'यातून निघालं काय?' या प्रश्नामुळेच. काही कामं बाजाराच्या बाहेरच ठेवावी लागतात. कुणाच्या बाळाच्या बारशाला दुपटं भरून द्यावं, गोधडी शिवून द्यावी. किंमत विचारली तर हसावं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडं. फोटोवरून नमुना काढून देणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. ते नातवाच्या गालावर साठ छटा सांगतं आणि एकेका फुलीसाठी दोरा बदलायला लावतं. तीस बाय तीस चौकोनांचं, दोन रंगांचं काहीतरी घ्या. 900 फुल्या, तेवढ्याने हात बसतो. पुण्यात तुळशीबागेत सगळं सामान एका फेरीत मिळेल. कापडाची दोनदा घडी घालून मध्य काढा आणि तिथून बाहेरच्या बाजूला भरत जा, म्हणजे चित्र कडेला जाऊन कापड संपायची वेळ येत नाही. सुई ओवताना त्रास होत असेल तर पातळ तारेची ओवणी मिळते. तिची लाज वाटून घेऊ नका. आणि पुरुष मंडळी, मेजरसाहेबांनी तुमची वाट केव्हाच मोकळी करून ठेवली आहे.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली. प्रश्न अवश्य विचारा. 'याचे किती मिळतात' एवढा सोडून.